मिनियापोलिसची थंडी की फिनिक्सचं ऊन? घर घेण्याआधी हवामान कसं जोखायचं

अमेरिकेत काही वर्षं भाड्याच्या घरात काढली, आता स्वतःचं घर घ्यायचं ठरलं, आणि नोकरीनं दोन पर्याय पुढे ठेवले: मिनेसोटा राज्यातलं मिनियापोलिस किंवा अ‍ॅरिझोना राज्यातलं फिनिक्स. ओळखीतल्या बऱ्याच मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न आलेला मी पाहिला आहे. टार्गेट, युनायटेडहेल्थ, मेडट्रॉनिक यांचा मोठा कारभार मिनेसोटात, इंटेलचा फिनिक्सजवळच्या चँडलरमध्ये, टीएसएमसीचा उत्तर फिनिक्समध्ये, आणि मेयो क्लिनिक तर दोन्ही राज्यांत. पगार साधारण सारखाच निघतो. मग गाडी हवामानावर येते, आणि तिथे माणसं एक तर बर्फाचे फोटो बघून घाबरतात किंवा डिसेंबरातल्या फिनिक्सच्या प्रेमात पडतात.

आम्ही दोन्हीकडे भाड्यानं राहिलो, आधी मिनियापोलिसच्या उपनगरात आणि मग चँडलरला. घर शेवटी मिनेसोटात घेतलं. त्याची कारणं पुढे येतील. तुमचा निर्णय उलटा येऊ शकतो आणि तो तुमच्यासाठी तितकाच बरोबर असू शकतो. म्हणून इथे निष्कर्षापेक्षा तपासण्याची रीत जास्त सांगितली आहे.

आधी हाताशी काय काय हवं

- दोन्ही शहरांच्या हवामानाच्या महिनावार नोंदी. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या साइटवर फुकट मिळतात.
- आवडलेल्या प्रत्येक घराची मागच्या १२ महिन्यांची वीज आणि गॅसची बिलं. २४ महिन्यांची मिळाली तर उत्तम.
- विक्रेत्यानं भरून दिलेला घराच्या माहितीचा फॉर्म. मिनेसोटात त्यात रेडॉन या जमिनीतून येणाऱ्या घातक वायूची माहिती देणं २०१४ पासून कायद्यानं बंधनकारक आहे. अ‍ॅरिझोनात नेहमीच्या करारानुसार मागच्या पाच वर्षांतल्या विमा दाव्यांचा इतिहासही मागता येतो.
- फर्नेस (घर गरम ठेवणारं यंत्र), एसी, छप्पर आणि वॉटर हीटर कोणत्या साली बसवले ते. तोंडी उत्तरावर थांबू नका, यंत्रावरच्या पट्टीचा फोटो घ्या.
- घरविम्याचे दोन-तीन दर.
- एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना, असेल तर तिची नियमावली.
- एक साधी वही. ती दुसऱ्या पायरीत लागेल.

१. सरासरी बाजूला ठेवा, वाईट दिवस मोजा

मिनियापोलिसला जानेवारीत दिवसाचं सरासरी कमाल तापमान उणे ५ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि रात्रीचं किमान उणे १३. फिनिक्सला जुलैत कमाल ४१, किमान २९. एवढ्यावरून तिथे राहणं कसं असेल ते कळत नाही. तीन गोष्टी शोधा: वाईट दिवस वर्षात किती, ते सलग किती, आणि रात्री सुटका मिळते की नाही.

फिनिक्सपासून सुरुवात करू. तिथे ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या थोडं वर, ही लोकांच्या बोलण्यातली रेषा आहे. २०२३ मध्ये ती सलग ३१ दिवस ओलांडली गेली, आणि वर्षभरात असे ५५ दिवस झाले. २०२४ मध्ये ते ७० झाले. त्याच वर्षी १०० फॅरनहाइटच्या, म्हणजे जवळपास ३८ सेल्सिअसच्या वरचे सलग ११३ दिवस गेले, मेच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. १९ जुलै २०२३ च्या पहाटे तर सर्वांत कमी तापमान ३६ सेल्सिअस होतं. ही पहाटेची नोंद पुन्हा वाचा. दुपारच्या उन्हापेक्षा ती जास्त महत्त्वाची आहे, कारण घर, रस्ता, भिंती आणि शरीर यांना थंड व्हायला वेळच मिळत नाही.

आता विदर्भातल्या मंडळींसाठी. "आम्ही ४५ मध्ये वाढलो, आम्हाला फिनिक्सचं काय?" हे मी नागपूरची असल्यामुळे जवळून ऐकलेलं आहे. आकडा सारखा असला तरी मुदत सारखी नाही. नागपूरचा कडक उन्हाळा एप्रिल-मेचा, जूनच्या मध्यावर पाऊस येतो आणि जीव भांड्यात पडतो. फिनिक्समध्ये जून ही फक्त सुरुवात असते. तिथल्या मान्सूनचा अधिकृत काळ १५ जून ते ३० सप्टेंबर, पण वर्षभराचा पाऊस मिळून २०० मिलिमीटरही होत नाही. धुळीची वादळं आणि दमटपणा मात्र येतो. आपल्याकडे पावसाळा तोंडावर आला की कूलर चिकट हवा फेकू लागतो. फिनिक्सच्या जुन्या घरांतल्या पाण्याच्या कूलरचं जुलै-ऑगस्टमध्ये नेमकं तेच होतं. अशा घराच्या जाहिरातीत थंडाव्याची सोय आहे एवढंच लिहिलेलं असेल, तर ती एसीची की कूलरची हे विचाराच.

मिनेसोटात अतिथंडीचे दिवस मोजके असतात. ३० जानेवारी २०१९ ला मिनियापोलिसमध्ये उणे ३३ सेल्सिअस होतं, पण तशा लाटा काही दिवसांत ओसरतात. थकवतात त्या दुसऱ्या दोन गोष्टी. पहिली म्हणजे लांबी: नोव्हेंबरात पडू लागलेला बर्फ एप्रिलमध्येही पडू शकतो. हिवाळ्यात सरासरी १३० सेंटिमीटरच्या आसपास पडतो, २०२२-२३ च्या हिवाळ्यात २२९ पडला. दुसरी गोष्ट अंधार. डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो आणि पावणेआठपर्यंत उगवत नाही. थंडीची तयारी करून आलेली बरीच माणसं या अंधारानं खचतात, आणि आधी त्यांना त्याबद्दल कुणी काही सांगितलेलं नसतं.

२. वाईट महिन्यातला एक साधा मंगळवार लिहून काढा

वही इथे लागते. सुट्टीचा दिवस लिहू नका, कामाचा लिहा. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत घराबाहेर कधी पडणार, किती वेळ, कशासाठी, सोबत कोण. एकदा जानेवारीचा मिनियापोलिसचा मंगळवार लिहा, एकदा जुलैचा फिनिक्सचा.

जानेवारीच्या मंगळवारी रात्री बर्फ पडला असेल तर ऑफिसला निघण्याआधी ड्राइव्हवे साफ करायचा आहे. मिनियापोलिस शहरात बर्फ थांबल्यापासून २४ तासांत घरासमोरची पायवाट साफ करणं घरमालकावर बंधनकारक आहे. 'स्नो इमर्जन्सी' जाहीर झाली की रस्त्यावर गाडी कुठल्या बाजूला लावायची याचे तीन दिवसांचे नियम लागू होतात, आणि चुकीच्या बाजूची गाडी उचलून नेतात. मुलांना स्नो पँट, बूट, हातमोजे, टोपी चढवायला रोज वेळ लागतो, तोही लिहा. मात्र मुलं बाहेर खेळतात. बऱ्याच शाळा उणे १८ सेल्सिअसपर्यंत मधल्या सुट्टीत मुलांना बाहेर सोडतात. संध्याकाळी नीट कपडे घालून तुम्ही चालायलाही जाऊ शकता, कडेला बर्फ असला तरी.

जुलैच्या मंगळवारी फिनिक्समध्ये फिरायचं असेल तर पहाटे पाचला. अ‍ॅरिझोना घड्याळ पुढे करत नाही, त्यामुळे जूनमध्ये सव्वापाचच्या सुमारास उजाडतं आणि आठपर्यंत ऊन झोंबू लागतं. त्यानंतर घर, गाडी, ऑफिस, दुकान, म्हणजे एका एसीतून दुसऱ्या एसीत. चँडलरच्या सरकारी शाळा जुलैच्या उत्तरार्धातच सुरू होतात. ऐन उन्हाळ्यात मुलं शाळेत जायला लागतात आणि मधली सुट्टी बरेचदा वर्गात किंवा सभागृहात जाते. बागेतली लोखंडी घसरगुंडी आणि डांबरी रस्ता यांनी कातडी भाजते. पडून भाजलेल्या माणसांवर तिथल्या रुग्णालयांना दर उन्हाळ्यात उपचार करावे लागतात. कुत्रा असेल तर त्याच्या पंजांचाही विचार वहीत लिहा.

दोन्ही पानं शेजारी ठेवून बघा. कोणत्या पानावर तुम्ही स्वतः जास्त आहात?

३. घरातल्या प्रत्येक माणसाचं वेगळं लिहा

नवरा-बायकोनं आपलं बघून ठरवायचं आणि बाकीच्यांनी जमवून घ्यायचं, असं करू नका.

*आई-वडील.* व्हिजिटर व्हिसावर ते आले की साधारण सहा महिने राहतात. मिनेसोटात त्यांना मे ते ऑक्टोबर बोलवा. फिनिक्सला ऑक्टोबरअखेर ते एप्रिल. मुक्काम याउलट महिन्यांत होणार असेल, समजा मार्चमध्ये बाळंतपण आणि त्यानंतर आजी-आजोबांचा उन्हाळाभर मुक्काम, तर ती गोष्ट निर्णयात वजनदार धरा. बर्फाळ पायवाटेवर ज्येष्ठ माणूस घसरला तर खुब्याचं हाड मोडणं ही खरी भीती आहे. बुटांना चढवायच्या दातेरी पट्ट्या स्वस्तात मिळतात, आल्याच दिवशी घ्या. उन्हाळ्यात वेगळी भीती: रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर शरीरातलं पाणी भराभर कमी होतं, आणि वय वाढतं तशी तहान कमी लागते. याबद्दल त्यांच्या डॉक्टरांशी भारतातून निघतानाच बोलून घ्या.

*सांधेदुखी, दमा, मधुमेह.* सांधे आखडणाऱ्या बऱ्याच जणांना कोरडी, उबदार हवा मानवते. अ‍ॅरिझोनाच्या मातीत मात्र एक बुरशी असते आणि धुळीतून तिचा 'व्हॅली फीव्हर' होतो: ताप, खोकला, आठवडेच्या आठवडे थकवा. मधुमेही आणि गर्भवती स्त्रियांना तो जास्त त्रास देऊ शकतो. तिथे राहून खोकला लांबला तर डॉक्टरांकडे या रोगाचं नाव तुम्ही स्वतःहून काढा.

*मनाचं आरोग्य.* आधी कधी नैराश्य आलं असेल तर मिनेसोटाचे नोव्हेंबर ते फेब्रुवारी गांभीर्यानं घ्या. आपल्या सावळ्या कातडीत 'ड' जीवनसत्त्व तयार व्हायला ऊनही जास्त लागतं, त्यामुळे रक्ततपासणी करून गोळ्या घ्याव्या लागतात. सकाळी १०,००० लक्सच्या, म्हणजे खूप प्रखर उजेडाच्या, दिव्यासमोर बसण्याचा बऱ्याच जणांना उपयोग होतो. फिनिक्समध्येही उन्हाळाभर घरात कोंडून घेतलेली माणसं उदास होतात, पण त्याची चर्चा कमी होते.

४. सणांचं कॅलेंडर मांडा

ही पायरी किरकोळ वाटेल, पण परदेशात आपलं माणसांत मिसळणं बरंचसं सणांभोवतीच होतं. गणपती ऑगस्ट-सप्टेंबरात येतात. मिनेसोटात तेव्हा हवा सुरेख असते, फिनिक्समध्ये मिरवणूक उघड्यावर काढणं अवघड. दिवाळीत फिनिक्सला अंगणात पणत्या लावून रात्री बाहेर बसता येतं आणि मिनेसोटात पाडव्याला बर्फ पडलेला असू शकतो. संक्रांतीचं हळदीकुंकू मिनेसोटात रस्ते बघून ठरतं. होळी-रंगपंचमी फिनिक्सला मनसोक्त खेळता येते. मिनेसोटातली मंडळं बरेचदा रंग मे-जूनपर्यंत पुढे ढकलतात. म्हणजे दोन्हीकडे अर्धं वर्ष आपलं आहे. तुमच्यासाठी कोणतं अर्धं जास्त महत्त्वाचं, ते बघा.

५. सर्वांत वाईट आठवड्यात जाऊन राहा

फिनिक्स जुलैच्या मध्यात, मिनियापोलिस जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात. कंपन्या मुलाखतीला आणि रिअल्टर घरं दाखवायला नेमक्या उलट महिन्यांत बोलावतात, मिनेसोटाला जूनमध्ये आणि फिनिक्सला फेब्रुवारीत. त्या दिवसांत दोन्ही शहरं स्वर्ग वाटतात आणि खोटंही वाटत नाही, कारण त्या महिन्यांपुरती ती तशीच असतात.

हॉटेलऐवजी ज्या भागात घर घ्यायचं तिथलं एखादं घर आठवडाभर भाड्यानं घ्या. किराणा आणायला जा. ऑफिसच्या वेळेत गाडी चालवा. दुपारी तीनला फिनिक्सच्या पार्किंगमध्ये उभी केलेली गाडी उघडून बसा. संध्याकाळी साडेपाचला मिनियापोलिसच्या अंधारात मुलांना घेऊन बाहेर पडा. हे जमणारच नसेल तर आधी वर्षभर भाड्यानं राहा आणि मग घर घ्या. माझं मत विचाराल तर जमलं तरी हेच करा.

६. घर तपासताना हवामानाच्या डोळ्यांनी बघा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या. एकाच गल्लीतली दोन घरं हवामानाच्या दृष्टीनं दोन गावांइतकी वेगळी असू शकतात.

*दिशा आणि वास्तू.* आपल्या मंडळींना पूर्वेकडे तोंड असलेलं घर हवं असतं आणि रिअल्टरही ते ओळखून असतात. फिनिक्समध्ये याचा परिणाम लक्षात घ्या. अमेरिकन घराच्या मोठ्या काचा, सरकते दरवाजे, बसायची खोली आणि अंगण मागच्या बाजूला असतं. तोंड पूर्वेला म्हणजे पाठ पश्चिमेला, आणि दुपारी दोनपासून सूर्यास्तापर्यंतचं ऊन थेट त्या काचांवर. एसी सर्वांत जास्त तिथेच झगडतो. उत्तर-दक्षिण घर तिथे सुखाचं पडतं. पूर्वमुखीच हवं असेल तर मागे खोल छपराचा व्हरांडा आहे का, काचांना बाहेरून ऊन अडवणाऱ्या जाळ्या आहेत का, ते पाहा.

मिनेसोटात दक्षिणमुखी घर सहसा आपण टाळतो, पण तिथे तेच सोयीचं असतं: ड्राइव्हवेवर ऊन पडतं आणि बर्फ आपोआप वितळतो. उत्तरमुखी घराच्या गराजसमोर मार्चपर्यंत बर्फाचा गोळा तसाच राहतो. वास्तू मानायची की नाही हा तुमचा प्रश्न आहे. मानत असाल तर तिची किंमत कुठे मोजावी लागते ते आधी माहीत असू द्या.

*मिनेसोटात काय तपासायचं*

- अ‍ॅटिकमधलं, म्हणजे छपराखालच्या पोकळीतलं, इन्शुलेशन (उष्णता अडवणारं अस्तर). आर-४९ किंवा जास्त हवं; आकडा जितका मोठा तितकी उष्णता जास्त अडते. ते अपुरं असेल तर घरातली ऊब छपराला पोचते, बर्फ वितळतो, पाणी ओघळून कडेला पुन्हा गोठतं आणि त्या बांधाच्या मागे साचलेलं पाणी कौलांखालून घरात शिरतं. याला 'आइस डॅम' म्हणतात. वरच्या मजल्याच्या छताला कडेनं पिवळे डाग असतील तर तिथे थांबून विचारा.
- फर्नेस किती जुनी. १५ ते २० वर्षं टिकते. गॅसची असली तर धूर बाहेर सोडणारा पाइप जमिनीपासून किती उंच आहे बघा, कारण बर्फानं तो बुजला तर कार्बन मोनॉक्साइड घरात साचतो. प्रत्येक झोपायच्या खोलीपासून १० फुटांच्या आत त्याचा अलार्म असणं राज्याच्या कायद्यानं आवश्यक आहे.
- बाहेरच्या भिंतीत किंवा गराजच्या वर गेलेले पाण्याचे नळ. गोठून फुटतात ते हेच.
- बेसमेंटचा ओलावा आणि पाणी उपसणारा पंप. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळतो तेव्हा त्याची परीक्षा असते.
- रेडॉन. जमिनीतून येणारा हा वायू दिसत नाही, वास येत नाही आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचं कारण ठरतो. मिनेसोटात पाचपैकी साधारण दोन घरांत तो जास्त आढळतो. चाचणी कराच. लिटरमागे ४ पिकोक्युरीच्या वर असेल तर उपाययोजनेचा खर्च किमतीतून मागा.
- गराज घराला जोडलेलं आहे ना. स्वतंत्र गराज जूनमध्ये देखणं दिसतं.

*फिनिक्समध्ये काय तपासायचं*

- एसीचं वय. तिथे तो १० ते १५ वर्षांत दमतो. इन्स्पेक्शन हिवाळ्यात केलं तर थंडाव्याची खरी परीक्षा होत नाही, म्हणून विक्रेत्याकडून मागच्या उन्हाळ्यातल्या दुरुस्तीच्या पावत्या मागा. दोन मजली घरात दोन एसी आहेत का ते बघा. एक बंद पडला तर निदान एक मजला राहण्याजोगा उरतो.
- अ‍ॅटिक इथेही तितकंच महत्त्वाचं. आर-३८ च्या खाली असेल तर खर्च धरा. एसीच्या वाहिन्या त्याच तापलेल्या अ‍ॅटिकमधून जातात, त्यांच्या सांध्यांतून गळती नाही ना, हे तपासून घ्या.
- कौलारू छपराची कौलं बघून समाधान मानू नका. कौलं खूप टिकतात, त्यांच्याखालचा थर २०-२५ वर्षांत जातो.
- पोहण्याचा तलाव असेल आणि घरात लहान मूल असेल तर कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक ही पहिली अट. बाकीचं नंतर.
- विंचू. इन्स्पेक्टरला आणि शेजाऱ्यांना दोघांनाही विचारा. अतिनील (यूव्ही) प्रकाशाच्या टॉर्चमध्ये ते चमकतात, रात्री कुंपणाच्या भिंतीवर एकदा मारून बघा.

अ‍ॅरिझोनाच्या नेहमीच्या करारात इन्स्पेक्शनला १० दिवस मिळतात. एसीवाला, छपरवाला आणि कीटकवाला तिघांच्या वेळा ऑफर मान्य झाली त्याच दिवशी ठरवा.

७. वीज गेली तर?

माझ्या निर्णयात या प्रश्नाचा वाटा सर्वांत मोठा होता.

मिनेसोटात वीज गेली तर गॅसची फर्नेसही थांबते, कारण तिचा पंखा विजेवर चालतो. पण चांगलं इन्शुलेशन असलेलं घर हळूहळू थंड होतं. रजया, गरम कपडे, एका खोलीत सगळे, आणि तोवर शेजारी किंवा मित्राच्या घरी जाता येतं. नळ गोठू नयेत म्हणून धार बारीक चालू ठेवायची. भट्टी, शेगडी किंवा जनरेटर मात्र घरात कधीही पेटवू नका.

फिनिक्समध्ये ४५ अंशांत एसी बंद पडला तर काही तासांत घर राहण्यासारखं उरत नाही, आणि कपडे काढून उष्णता कमी करायला मर्यादा आहे. २०२३ मध्ये मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फिनिक्सच्या जिल्ह्यात, उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. त्यातले बरेच बेघर लोक होते, पण घरात दगावलेल्या अनेकांकडे एसी होता आणि तो चालत नव्हता. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा होता की उष्णतेच्या लाटेत शहराची वीज काही दिवस गेली, तर जवळपास निम्म्या लोकांना तातडीच्या उपचारांची गरज पडेल. अशी वेळ सहसा येत नाही आणि तिथली वीज भरवशाची आहे. तरीही फिनिक्सला घर घेणाऱ्यानं आधीच ठरवून ठेवावं: एसी बंद पडल्या क्षणी कुठे जायचं, फोन कुणाला करायचा, एका खोलीपुरता खिडकीतला एसी घरात ठेवायचा का. माझं उत्तर: ठेवायचा.

बिल थकलं म्हणून वीज तोडण्यावर दोन्हीकडे बंधनं आहेत. मिनेसोटात थंडीचा नियम १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल, पण हप्ते ठरवून घेण्यासाठी तुम्हालाच कंपनीला फोन करावा लागतो. अ‍ॅरिझोनात राज्य आयोगाच्या अखत्यारीतल्या कंपन्यांना कडक उन्हाळ्यात वीज तोडता येत नाही; एपीएस या तिथल्या मोठ्या वीज कंपनीसाठी हा काळ १ जून ते १५ ऑक्टोबर.

८. खर्च

मिनेसोटात खर्च गॅसवर, बर्फ काढण्यावर आणि कपड्यांवर. कपड्यांवर तिथे विक्रीकर नाही, अगदी जाड कोटावरही नाही. सवलतीत खरेदी करायची असेल तर मार्चमध्ये पुढच्या वर्षीची करा. फिनिक्समध्ये खर्च विजेवर. एपीएससारख्या कंपन्यांच्या वेळेनुसार दराच्या योजनेत कामाच्या दिवशी संध्याकाळी ४ ते ७ वीज महाग असते. दुपारी घर गार करून ठेवायचं आणि त्या तीन तासांत कपडे, भांडी, ओव्हन बंद, ही शिस्त जमणार नसेल तर साधी योजना घ्या. दोन्हीकडे वर्षाचं बिल बारा समान हप्त्यांत भरता येतं.

आयकराचा फरक मात्र डोळ्यांत भरतो. अ‍ॅरिझोनात २०२३ पासून सरसकट २.५ टक्के, मिनेसोटात ५.३५ पासून ९.८५ टक्क्यांपर्यंत. घराचं गणित मांडताना हा फरक लिहा, कारण फिनिक्सच्या बाजूनं तो मोठा मुद्दा आहे.

९. पाणी आणि हवा

फिनिक्सभोवतीच्या नव्या वसाहतीत घर बघत असाल तर पाणी कोण पुरवतं हे लेखी घ्या. १ जानेवारी २०२३ पासून रिओ व्हर्दे फूटहिल्स या वस्तीला शेजारच्या स्कॉट्सडेलनं टँकरचं पाणी देणं थांबवलं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये राज्यानं जाहीर केलं की फक्त भूजलाच्या भरवशावर या भागात नव्या वसाहतींना १०० वर्षांच्या पाण्याची हमी मिळणार नाही. फिनिक्स, चँडलर, मेसा अशा जुन्या शहरांची स्थिती बरीच सुरक्षित आहे. लांबच्या स्वस्त प्लॉटबद्दल मात्र दहा वेळा विचार करा.

मिनेसोटाला पाण्याची ददात नाही. हवेबाबत निर्धास्त राहू नका, २०२३ च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या वणव्यांचा धूर कितीतरी दिवस होता. डास आहेतच.

१०. गाडी

फिनिक्सच्या उन्हात बॅटरी दोन-तीन वर्षांत जाते. काचांना फिल्म लावा आणि गाडीत पाणी कायम ठेवा. धुळीचं वादळ आलं तर रस्त्यापासून पूर्ण बाजूला या, दिवे बंद करा, ब्रेकवरचा पाय काढा. दिवे चालू राहिले तर मागचा ड्रायव्हर तुम्हाला रस्ता समजून तुमच्यामागे येतो. मिनेसोटात हिवाळी टायर, उणे २९ ला न गोठणारं काच धुण्याचं पाणी, आणि डिकीत घोंगडी, फावडं, टॉर्च. बर्फावर पहिल्यांदा चालवणार असाल तर मोकळ्या पार्किंगमध्ये ब्रेक मारून सराव करा.

११. निर्णय

आम्ही मिनेसोटा निवडलं. थंडीत अंगावर आणखी एक थर चढवता येतो आणि बाहेर पडता येतं, उन्हात तसा इलाज नाही. मुलं लहान होती आणि ती वर्षभर बाहेर खेळावीत अशी आमची इच्छा होती. आणि फिनिक्सच्या रात्री तापत चालल्या आहेत. घर ३० वर्षांच्या कर्जावर घेताना ३० वर्षांनंतरच्या जुलैचाही विचार करावा लागतो.

पण अंधारानं मन खचत असेल, गुडघे आखडत असतील, आई-वडील हिवाळ्यातच येऊ शकत असतील, तर मी तुम्हाला फिनिक्सच घ्या म्हणेन. घरून काम करता येत असेल तर मधला रस्ताही आहे: अ‍ॅरिझोनातच १,६०० मीटरवरचं प्रेस्कॉट किंवा २,१०० मीटरवरचं फ्लॅगस्टाफ. फ्लॅगस्टाफला मात्र बर्फ भरपूर पडतो, मिनियापोलिसहूनही जास्त.

१२. सामान हलवताना

मिनेसोटाला ऑगस्टच्या आत पोचा, म्हणजे पहिल्या बर्फाआधी फर्नेसची सर्व्हिसिंग आणि बाहेरचे नळ बंद करणं उरकतं. बहुतेक शाळाही लेबर डेनंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार) सुरू होतात. फिनिक्सला ऑक्टोबर ते मार्च. एसीची सर्व्हिसिंग एप्रिलमध्येच करून घ्या, जूनमध्ये कारागीर मिळत नाही. ट्रकमध्ये औषधं, मेणबत्त्या आणि मसाल्यांचं तेल ठेवू नका, ते गाडीत तुमच्यासोबत असू द्या.

तुळस मिनेसोटात सप्टेंबर संपायच्या आत घरात, दक्षिणेच्या खिडकीत. फिनिक्समध्ये जूनपासून सावलीच्या जाळीखाली. कढीपत्त्याचं रोप एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर बंधनं आहेत, कारण संत्र्या-लिंबाच्या झाडांना रोग लावणारी कीड त्याच्यावरून पसरते. ते जुन्या शेजाऱ्यांना देऊन या आणि नवं रोप तिथल्याच परवानाधारक नर्सरीतून घ्या.